डेअर आणि धजेना
(कर्जतच्या संध्याकाळच्या वर्गातील दहा वाक्यांवर भाष्य)

कर्जतला मी संध्याकाळी इंग्रजी शिकवते. वर्गाला येणारे दिवसभर कुठेतरी राबून आलेले असतात. कोणी खोपोलीच्या कारखान्यातली पहिली पाळी संपवून, कोणी फार्महाउसवरून, कोणी ठाण्याहून लोकलने उभ्याने. एका जुलैत 'डेअर' हे क्रियापद घेतले तेव्हा फळ्यावर दहा वाक्ये झाली. नऊ माझी, एक विद्यार्थ्याचे. विद्यार्थी वहीत इंग्रजी वाक्याखाली त्याचा उच्चार देवनागरीत लिहून ठेवतात. तीच वाक्ये इथे तशीच घेतली आहेत.

खडूने लिहिलेल्या वाक्यांवर भाष्य करणे म्हणजे थोडा आगाऊपणा आहे. भाष्य सूत्रांवर करायचे असते आणि सूत्रे ऋषींची असतात. पण टीकाकारांची रीत मला आवडते: आधी मूळ वाक्य, मग पदे सुटी करणे, मग कोणीतरी शंका काढणे, मग तिचे निरसन. शंका काढणाऱ्यांचा माझ्या वर्गात कधीच तुटवडा नव्हता.

॥ १ ॥ आय डेअर नॉट क्रॉस.

पदे चार. आय म्हणजे मी, नॉट म्हणजे नाही, क्रॉस म्हणजे ओलांडणे. काय ओलांडायचे ते वाक्यात नाही आणि वर्गात कोणी विचारलेही नाही. बाहेर उल्हास दोन्ही काठ धरून गढूळ वाहत होती. एप्रिलात हिच्यातल्या गोट्यांवर पाय ठेवत शाळकरी पोरे पलीकडे जातात. जुलैत तिच्या पुलावरही माणूस भराभर चालतो. २६ जुलै २००५ चा पूर डोळ्यांनी पाहिलेली दोन माणसे मागच्या बाकावर होती.

पहिला अर्थ आला, 'मी ओलांडू शकत नाही.' हा अर्थ 'कॅन नॉट'चा. शकणे अंगातल्या बळाचे असते, आणि पट्टीचा पोहणाराही उल्हासच्या काठावर 'डेअर नॉट' म्हणू शकतो. दुसरा अर्थ, 'मला ओलांडायची भीती वाटते.' जवळ आला, पण भीती वाटत असतानाही माणसे पाण्यात उतरतात. भीती वाटणे ही मनाची अवस्था झाली. ती वाटल्यावर पाय उचलला की नाही, हे त्यात सांगितलेले नाही. तिसरा अर्थ मागच्या बाकावरून, पुरातल्या त्या दोघांपैकी एका बाईंकडून आला: 'मी जायला धजत नाही.'

या एका शब्दासाठी मी त्या दिवशीचा उरलेला तास दिला.

शंका निघाली: धजणे जुना शब्द, आता कोण बोलतो? बोलण्यात कमी झाला आहे खरा, पण वर्तमानपत्रात तो रोज भेटतो. तक्रार करायला कोणी धजावत नाही, साक्ष द्यायला कोणी पुढे धजेना, अधिकारी बोलण्यास धजत नाहीत. आता ही वाक्ये पुन्हा पाहा. सगळी नकारार्थी आहेत. मी वर्गाला होकारार्थी वाक्य करायला सांगितले. 'मी नदी ओलांडायला धजले.' म्हणून पाहिले आणि सगळेच थोडे अडखळले. वाक्य चुकीचे नाही, पण उघडेबोडके वाटते. त्याला 'शेवटी', 'कशीबशी', 'एकच जण' असा काहीतरी टेकू लागतो. इंग्रजी 'डेअर'चे हुबेहूब तेच आहे. हे क्रियापद मुख्यतः नकारात, प्रश्नात आणि 'जर'च्या वाक्यात राहते. साधे होकारार्थी वाक्य त्याला परक्या घरासारखे वाटते.

दोन भाषांनी एकमेकींना न विचारता धैर्याच्या क्रियापदाला एकाच कोपऱ्यात का बसवले असेल? माझे मत असे: हे क्रियापद पलीकडे गेलेल्या माणसाच्या तोंडचे नाही, काठावर उभ्या असलेल्याचे आहे. पलीकडे गेलेला माणूस नुसते 'आलो ओलांडून' म्हणतो आणि सदरा पिळायला घेतो. पुढच्या नऊ वाक्यांवरचे भाष्य या मताच्या कडेकडेने जाणार आहे, आणि एका वाक्यापाशी ते मत मला थोडे दुरुस्तही करावे लागले.

॥ २ ॥ ही डेअर नॉट क्रॉस.

इथे वर्गाने मला पकडले. 'मॅडम, ही आहे, मग शेवटी एस कुठाय?' तृतीय पुरुष एकवचनाला वर्तमानकाळी 'स' लागतो, हे मी त्यांच्या डोक्यात तीन महिने हातोडीने ठोकले होते. ही गोज, ही कम्स, ही ईट्स. मग ही डेअर कसे?

कारण हे रूप मुळात वर्तमानकाळाचे नाही. इंग्रजीत अशा क्रियापदांचा एक लहानसा जुना गट आहे. त्यांचे भूतकाळी रूप फार पूर्वी वर्तमानाच्या अर्थाने स्थिरावले. कॅन, मे, शॅल हे त्याच गटातले, म्हणून 'ही कॅन्स' कोणी म्हणत नाही. डेअर त्यांचाच भाऊबंद. जुन्या इंग्रजीत त्याचा मूळ धातू दुर्रान असा होता. भूतकाळासाठी पुढे 'डर्स्ट' हे रूप चालत असे. आता ते जुन्या पुस्तकांत उरले आहे. डेअरच्या अंगावर 'स' नाही, त्याचे कारण त्याचे वय. त्यात चूक काही नाही.

भूतकाळाचे रूप वर्तमानाचा अर्थ कसे देईल, ही शंका रास्त आहे. पण ती मराठी माणसाने काढू नये. आपण चप्पल शोधत असताना फोनवर 'निघालो' म्हणतो. घरातून हाक आली की जागचे न हलता 'आलोच' म्हणतो. 'कळलं' हे रूप भूतकाळाचे, अर्थ 'आता मला माहीत आहे' असा. संस्कृतातही याचे ठळक उदाहरण आहे. 'वेद' हे रूप परोक्ष भूतकाळाच्या ठेवणीचे, पण त्याचा अर्थ 'जाणतो' असा वर्तमानाचा. कॅन आणि डेअर यांची ठेवण ही त्याच जुन्या घराण्याची ठेवण आहे.

घराण्याचा विषय निघालाच आहे. एका मुलाने वहीत 'डेअर = डर' असे लिहून ठेवले होते. उच्चार जवळचे आणि अर्थ बरोबर उलटा, त्यामुळे तो गोंधळून गेला होता. त्या दोघांचे नाते नाही. डर येतो तो संस्कृतातल्या 'दर', म्हणजे भय, या शब्दाकडून. डेअरचा खरा नातेवाईक 'धृष्' धातू: धजणे, धीट होणे. ग्रीकमधला धैर्यवाचक 'थार्सोस' त्याच कुळातला. धृष्‌पासून धृष्ट, धृष्टपासून प्राकृतातून आपला धीट. धार्ष्ट्य झिजून आपले धारिष्ट. ज्याच्यावर चाल करून जाणे कठीण तो दुर्धर्ष. म्हणजे आजी नातवाला 'भारी धीट आहेस हो' म्हणते तेव्हा ती इंग्रजी डेअरच्या चुलतभावालाच हाक मारत असते. (संघर्ष मात्र या कुळातला नाही. तो घासण्याच्या 'घृष्'चा. भाषणात हे दोन्ही एका माळेत ओवणारे वक्ते मी ऐकले आहेत.)

एक नोंद केल्यावाचून राहवत नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात धृष् धातू एके ठिकाणी येतो तो प्रश्नात: यांच्यावर चालून जायला कोण धजेल, अशा आशयाच्या. उत्तर अर्थातच 'कोणी नाही'. हजारो वर्षांपूर्वीसुद्धा हा धातू काठावरच उभा होता.

धजणे हा शब्द ध्वनीने धृष्‌च्या जवळचा वाटतो. तेवढ्यावरून मी त्यांचे लग्न लावत नाही.

॥ ३ ॥ ही डझन्ट डेअर टु क्रॉस.

अर्थ दुसऱ्या वाक्याचाच. फक्त इथे डेअरने साध्या क्रियापदांचा गणवेश घातला आहे. नकाराला 'डझ', पुढे 'टु', होकारात 'डेअर्स'. आजच्या बोलण्यात हाच प्रकार जास्त. नकारात 'टु' गाळला तरी चालते.

घोटाळा होतो तो दोन्ही प्रकार एकत्र केल्यावर. 'ही डेअर्स नॉट टु क्रॉस' असे एका उत्तरपत्रिकेत होते. मी वर्गाला म्हटले, पळसदरीला रूळ फुटतात. एक फाटा खोपोलीला जातो, दुसरा घाट चढून पुण्याकडे. दोन्ही बरोबर आहेत, पण पुढचे चार डबे खोपोलीला आणि मागचे खंडाळ्याला, असे होत नाही. नियम एवढाच.

॥ ४ ॥ हू डेअर्स टेक द पॉट्स ऑफ ढाक?

ढाकच्या बहिरीची भांडी न्यायला कोण धजतो?

हे वाक्य कर्जतबाहेरच्या माणसाला उलगडून सांगावे लागेल. सांडशीच्या वर ढाकचा डोंगर आहे. त्याच्या कड्याच्या पोटात बहिरीची, म्हणजे भैरवाची, गुहा आहे. तिथे पोचायचे तर कातळात कोरलेल्या खोबण्यांत हातपाय रुतवत कड्याच्या अंगावरून सरकावे लागते. खाली पाहू नये असे सगळे सांगतात आणि सगळे खाली पाहतात. ठाकर आदिवासींचा हा देव. गुहेत पाण्याची टाकी आहेत आणि मोठमोठी स्वयंपाकाची भांडी ठेवलेली असतात. जाणाऱ्याने ती काढावीत, जेवण रांधावे, घासूनपुसून जागच्या जागी ठेवावीत. कुलूप नाही, राखणदार नाही. भांडे कोणी खाली नेले तर बहिरी सोडत नाही, अशी श्रद्धा आहे.

व्याकरण सोपे आहे. प्रश्नात 'हू डेअर' चालते आणि 'हू डेअर्स'ही चालते. अर्थाची गंमत वेगळी: हा प्रश्न उत्तरासाठी विचारलेला नाही. त्याच्या पोटात नकार आहे. मराठीत असा प्रश्न विचारायला धजणेपेक्षा खणखणीत शब्द आहेत. काय बिशाद! कोणाची प्राज्ञा आहे! कोणाची माय व्यायली आहे! हे शब्दही साध्या होकारात सापडत नाहीत. 'त्याची बिशाद आहे' असे सरळ कोणी म्हणत नाही. 'प्राज्ञा झाली' हेही नाही. पुरावा आणखी एकदा माझ्या बाजूने पडला म्हणून मी खूश झाले.

मग एका ठाकर मुलाने शंका काढली. वर्गात तो फार बोलत नसे. म्हणाला, 'मॅडम, भांडी कोणी नेत नाही ते धजत नाही म्हणून नाही. ती बहिरीची आहेत म्हणून.'

ही नुसती शंका नव्हती. ही माझ्या वाक्याची दुरुस्ती होती. 'डेअर नॉट' म्हणायचे तर आधी मनात न्यायचा विचार यावा लागतो, आणि मग तो भीतीने मागे फिरावा लागतो. ज्याला तो विचारच शिवत नाही, त्याच्याविषयी हे क्रियापद वापरता येत नाही. मी माझ्या आईच्या गळ्यातले मंगळसूत्र ओढायला धजत नाही, असे वाक्य करून पाहा. व्याकरण ठीक आहे, पण वाक्य किती घाणेरडे झाले! शहरातून आलेल्या ट्रेकरबद्दल माझा प्रश्न खरा. गावाबद्दल तो खोटा. फळ्यावरचे वाक्य मी पुसले नाही, पण त्यानंतर ते उदाहरण म्हणून देताना मुलाची शंका जोडूनच देते.

॥ ५ ॥ द एक्स्प्रेस डेअर नॉट क्लाइंब अलोन.

विनोद म्हणून लिहिलेले वाक्य. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना घाट चढण्यासाठी कर्जतला मागून जादा इंजिने लावतात. रेल्वेतले लोक त्यांना बँकर म्हणतात. तेवढ्या वेळात प्रवाशांचे वडे खाऊन होतात. बोरघाटाचा हा रेल्वेमार्ग १८६३ मध्ये खुला झाला. चढ सदतीस फुटांना एक फूट इथवर तीव्र. रस्त्याने जाणाऱ्याला हा आकडा किरकोळ वाटेल. पोलादाच्या रुळावर पोलादाचे चाक चढवणाऱ्याला नाही.

शंका: गाडीला मन नाही, ती धजेल कशी? बरोबर. डेअरचा कर्ता जिवंत लागतो, म्हणून वाक्य विनोदी. पण याच ठिकाणी मराठी इंग्रजीच्या एक पाऊल पुढे जाते आणि तिथे माझ्या मते या सगळ्या भाष्यातली सर्वांत मोलाची गोष्ट सापडते.

'गाडी चढली नाही' आणि 'गाडी चढेना' यांत फरक काय? पहिले वाक्य बातमी देते. दुसऱ्यात गाडी अडून बसली आहे. आपण जोर लावतो आहोत, ती ऐकत नाही. दार उघडेना, ताप उतरेना, पाऊस थांबेना, पोर झोपेना. हा 'एना' निर्जीव वस्तूलाही हट्ट देतो. इंग्रजीतही 'द डोअर वोन्ट ओपन' असेच म्हणतात आणि त्यातला 'विल' मूळचा इच्छेचाच.

आता 'धजेना' हे रूप पुन्हा उच्चारून पाहा. धजणे म्हणजे मनाने पुढे होणे. एना म्हणजे आर्जव करूनही न ऐकणे. म्हणजे माणूस स्वतःच स्वतःच्या मनाला ढकलतो आहे आणि मन हटून बसले आहे. म्हणून मराठीत 'मन धजेना', 'हात धजेना', 'जीभ धजेना' अशी वाक्ये होतात. माणूस एकीकडे, त्याचा हात दुसरीकडे. इंग्रजीत डेअरचा कर्ता अखंड असतो. 'माय हँड डेअर नॉट' कोणी बोलताना म्हणणार नाही. मराठीने त्याच कर्त्याचे दोन तुकडे केले आहेत, आणि काठावर उभ्या असलेल्या कोणालाही विचारा, तिथे तो दोनच असतो.

॥ ६ ॥ आय डेअरसे द शेफर्ड न्यू द घाट बेटर.

त्या धनगराला घाट जास्त ठाऊक असावा.

खोपोलीहून खंडाळ्याला चढताना रस्त्यावर शिंगरोबाचे मंदिर लागते. वाहनातून लोक तिथे नाणे टाकतात. आख्यायिका अशी की इंग्रजांना घाटाची वाट सापडेना, ती शिंगरोबा नावाच्या धनगराने दाखवली आणि वाट कळल्यावर त्यांनी त्याला गोळी घातली. ती वाट गुरांची होती. जनावर चढ कसा कापते हे धनगर पाहत आलेला असतो. दुर्बिणीतून पाहणाऱ्याला ते दिसायला वेळ लागतो.

'डेअरसे' या जोडशब्दात धैर्य उरलेले नाही. त्याचा अर्थ 'बहुधा', 'असावे', 'म्हणायला हरकत नाही'. तो प्रथम पुरुषातच येतो. 'तो डेअरसेज' होत नाही. सभ्य माणसे हळू आवाजात अंदाज सांगताना तो वापरतात. हल्ली ऐकू येतो तो बहुतेक म्हाताऱ्यांच्या तोंडी.

एवढा शूर शब्द इतका मऊ कसा झाला? मराठीत 'बिनधास्त'चे काय झाले ते पाहा. धास्ती नसलेला, निर्भय, असा मूळ अर्थ. आज आपण पाहुण्याला म्हणतो, 'बिनधास्त घ्या हो, अजून आहेत पोहे.' पोह्यांना कोण भितो?

॥ ७ ॥ कारतलब डेअर्ड द घाट.

इथे डेअरला सरळ कर्म जोडले आहे: घाटाला आव्हान दिले, घाटाची जोखीम पत्करली. धजणेला असे कर्म लागत नाही. 'घाट धजला' हे मराठी नाही. भाषांतर करताना 'भिडला' किंवा 'घुसला' घ्यावे लागेल.

फेब्रुवारी १६६१. शाइस्ताखानाने पाठवलेला मोगल सरदार कारतलबखान लोणावळ्याच्या बाजूने कुरवंडे घाटाने कोकणात उतरत होता. सोबत माहूरची सरदारीण रायबागन. आजच्या खालापूर तालुक्यातल्या चावणी गावाजवळ उंबरखिंडीची अरुंद वाट आहे. दोन्ही बाजूंना दाट रान आणि मध्ये लांबलचक फौज, पुढे आणि मागे तोंड बंद. शिवाजी महाराजांनी तिथे त्याला कोंडला. खंडणी आणि सामानसुमान टाकून खानाला परत जावे लागले. रायबागनने त्याला शरण जाण्याचा सल्ला दिला आणि या रानात शिरण्याच्या अविचाराबद्दल बोलही लावले, असे शिवभारत सांगते.

आणि म्हणूनच माझे वाक्य चूक आहे. ते मी घाईत लिहिले. डेअर म्हणायला पुढचा धोका ठाऊक असावा लागतो. खान घाटात शिरला तो पुढे काय आहे हे न कळून. धोका न कळता पुढे जाण्याला दोन्ही भाषांत दुसरे शब्द आहेत आणि त्यांत कौतुक नाही. या वाक्यात डेअर्ड शोभला असता तो रायबागनला. भर फौजेत सरदाराला 'तुम्ही चुकलात' म्हणायला कोण धजते? ती धजली. इथे होकारार्थी 'धजली' कसे चपखल बसले ते लक्षात घ्या. बाकी सगळी फौज गप्प होती, म्हणून.

॥ ८ ॥ आय डेअर यू टु जंप.

अर्थ बदलला. मी धजण्याऐवजी दुसऱ्याला डिवचते. 'मार उडी, असेल दम तर.' या अर्थी 'टु' सक्तीचा, 'स' आणि 'डझ' सगळे नेहमीसारखे, भूतकाळ 'डेअर्ड'. व्याकरणात याहून सांगण्यासारखे काही नाही.

सांगण्यासारखे आहे ते 'डेरिंग'बद्दल. मराठीने डेअर हे क्रियापद घेतले नाही, त्याचे हे एकच नाम घेतले आणि पार आपले करून टाकले. डेरिंग लागतं. त्याच्यात डेरिंगच नाही. बोलायचं डेरिंग होईना. याला फारसीचा 'बाज' जोडून 'डेरिंगबाज' केला: एका शब्दात इंग्रजी आणि फारसी, जीभ मराठी. लिंग अजून पक्के नाही. बहुतेक जण 'डेरिंग केलं' म्हणतात, काहींच्या तोंडून 'केली'ही ऐकले आहे. धजणे बोलण्यातून मागे सरले ती जागा या शब्दाने घेतली, आणि घेताना 'होत नाही'ही बरोबर उचलले.

वर्गाने या वाक्याची खूप उदाहरणे दिली. मी थोडीच लिहू दिली. बहुतेक पावसाळ्यांत कर्जत-खालापूरच्या धबधब्यांवर आणि धरणांवर मनाई आदेश निघतात, तरी कोणाच्या तरी 'मार उडी'वर कोणीतरी उडी मारतेच. अशा वाक्यांना फळ्यावर जागा देऊ नये.

॥ ९ ॥ द आझाद दस्ता डेअर्ड टु कट द टॉवर्स.

हे विद्यार्थ्याचे वाक्य. घर माथेरानच्या पायथ्याशी, त्यामुळे विषय घरचा. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, सगळ्यांचे भाई कोतवाल, १९१२ साली माथेरानला जन्मले. वकील झाले आणि आसपासच्या शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढल्या. १९४२ च्या चळवळीत त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे कापून पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळ्यांनी ते आणि हिराजी पाटील मारले गेले.

वाक्य निर्दोष आहे. मी शाबासकी देऊन पुढे जाणार, तोच शेजारच्या मुलीने विचारले, 'मॅडम, डेअर्ड काढलं तर काय बिघडतं?'

तिने विचारले तो प्रश्न अर्थशास्त्राचा आहे; अर्थशास्त्र इथे पैशांचे नव्हे, शब्दार्थाचे. 'त्यांच्यात टॉवर कापायची हिंमत होती' या वाक्यावरून टॉवर पडले की नाही ते कळत नाही. 'कापायला धजले' यावरून कळते: कापले. 'डिडन्ट डेअर' वरून तेही कळते: नाही कापले. डेअर आणि धजणे दोन्ही कृतीचा निकाल पोटात घेऊन येतात. मग होकारार्थी वाक्यात 'डेअर्ड टु' काढून टाकले तर घटना तीच राहते. जाते ते एवढेच, की आधी क्षणभर मन मागे खेचत होते.

ते दाखवायचे असेल तर शब्द ठेवा. पण ते कोणाला ठाऊक? रात्री मनोऱ्याच्या पायाशी बसून लोखंड कापणाऱ्याचे मन त्या क्षणी कुठे होते, हे लिहिणाऱ्याला दिसत नाही. 'डेअर्ड' लिहिताना आपण आपली भीती त्याच्या खिशात घालतो. आमच्या भागात म्हातारी माणसे या हकिकतीत साधे सांगतात: टॉवर पाडले. धजले म्हणत नाहीत.

पहिल्या वाक्यावर लिहिताना मी हे क्रियापद काठावरच्याचे म्हटले होते. इथे ते थोडे बदलते. ते पाहणाऱ्याचेही आहे. रायबागनला 'धजली' म्हटले ते मी, तीनशे साठ वर्षांनी, खुर्चीत बसून. मुलाने वाक्य खोडले नाही. खाली दुसरे लिहिले, डेअर्ड न घालता. वहीत दोन्ही आहेत.

॥ १० ॥ डोन्ट यू डेअर!

दटावणी. पुढचे क्रियापद बहुधा गाळलेले असते, कारण समोरचा काय करायच्या बेतात आहे ते दोघांनाही दिसत असते. याचा सख्खा भाऊ 'हाउ डेअर यू!', तो कृती झाल्यावरचा. त्याचे भाषांतर हल्ली 'तुझी हिंमत कशी झाली' असे ऐकू येते. ते हिंदी मालिकांतून उतरले आहे. मराठी घरात 'काय बिशाद तुझी!' किंवा नुसते 'एवढी मजल?' म्हणतात, आणि वाक्य पुरे होण्याआधी हात उगारलेला असतो.

'डोन्ट यू डेअर'ला मराठीत 'खबरदार' आहे, 'याद राख' आहे. पण काठावरच्या आया वापरतात ते निराळेच: 'पाण्यात जाऊन तर बघ!' व्याकरणाने ही आज्ञा आहे, जा आणि बघ. अर्थाने बरोबर उलट. 'तर' या एका अक्षरजोडीत सगळी छडी आहे, आणि ती समजायला मराठीत काही वर्षे काढावी लागतात.

आमच्या शेजारच्या पाच वर्षांच्या पोराने ती काढली नव्हती. अंगणात पावसाचे पाणी घोट्याएवढे साचले होते. आई स्वयंपाकघरातून ओरडली, 'जाऊन तर बघ तू पाण्यात!' ते गेले, नीट पाहून आले आणि दारात उभे राहून म्हणाले, 'बघितलं. बेडूक आहे.'